भरवशाचे शिक्के

नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ट्रस्ट-ई या कंपनीवर जो ठपका ठेवला, त्यात एक वेगळीच गंमत होती. ही कंपनी दुसऱ्यांच्या वेबसाइट तपासायची आणि इथे तुमची खासगी माहिती दिलेल्या शब्दाप्रमाणे हाताळली जाते, असा शिक्का द्यायची. शिक्का घेतलेल्या प्रत्येकाची आम्ही दरवर्षी नव्याने तपासणी करतो, असेही ती सांगत होती. प्रत्यक्षात २००६ ते जानेवारी २०१३ या काळात हजाराहून अधिक वेळा ही वार्षिक तपासणी झालीच नव्हती. शिक्के मात्र जागच्या जागी झळकत होते. शिवाय २००८ मध्ये ही संस्था ना-नफा राहिली नव्हती, गुंतवणूकदारांच्या पैशावर चालणारी कंपनी झाली होती. तरी तिच्या काही ग्राहकांच्या धोरणपत्रांत तिचे वर्णन ‘ना-नफा संस्था’ असेच राहिले. प्रकरण २ लाख डॉलरवर मिटले. एका कंपनीचा आळशीपणा म्हणून यावर पडदा टाकता येईल, पण मला त्यात अर्धेच तथ्य दिसते. खासगीपणाच्या प्रमाणपत्रांचा गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर ही चूक जन्मवेळच्या रचनेतच होती असे दिसते. कायदा येऊ नये म्हणून हे शिक्के निघाले, आणि कायद्याची जागा घेण्याचा प्रयत्न त्यांनी केला तेव्हा तेव्हा ते पोकळ ठरले. जिथे ते कायद्याच्या हाताखाली, चुकलात तर किंमत मोजा या अटीवर आले, तिथेच त्यांना काही वजन आले.

सुरुवात कशी झाली ते आधी पाहू. १९९६-९७ मध्ये इंटरनेटवर खरेदी-विक्री नुकती कुठे रांगायला लागली होती. लोक क्रेडिट कार्डाचा नंबर टाकायला कचरत होते. युरोपने १९९५ मध्ये माहिती-संरक्षणाचा व्यापक निर्देश काढला होता आणि अमेरिकेतल्या उद्योगांना तसलाच कायदा आपल्या मानेवर बसण्याची धास्ती होती. क्लिंटन सरकारचा कल उद्योगांनी आपली शिस्त आपणच लावावी याकडे होता. या वातावरणात नागरी हक्कांसाठी भांडणारे इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन आणि ई-व्यापार वाढवू पाहणारी कॉमर्सनेट ही संघटना एकत्र आली आणि १९९७ च्या जूनमध्ये ट्रस्ट-ई रीतसर सुरू झाली. मूळ कल्पना आजही कौतुक करावी अशी होती. शिक्का एक नव्हता, तीन होते. पहिल्याचा अर्थ, ही साइट तुमची माहिती कुणालाच देत नाही. दुसऱ्याचा अर्थ, माहिती तुमच्या-आमच्यातल्या व्यवहारापुरतीच वापरली जाईल. तिसऱ्याचा अर्थ, ती तिसऱ्याच्या हाती जाऊ शकते. म्हणजे चिन्ह पाहताच ग्राहकाला आपल्या माहितीचे काय होणार ते कळावे, आणि तिसरे चिन्ह लावणाऱ्याला थोडी लाज वाटावी. ही तीन चिन्हे टिकली नाहीत. ती गोंधळाची वाटतात, कंपन्यांचे गुंतागुंतीचे व्यवहार त्यांत बसत नाहीत, असे ठरले आणि त्यांच्या जागी एकच शिक्का आला. त्याचा अर्थ एवढाच की या साइटने आपण काय करतो ते लिहून ठेवले आहे आणि लिहिल्याप्रमाणे वागण्याचे कबूल केले आहे. काय लिहिले आहे, ते ग्राहकाच्या हिताचे आहे की नाही, याच्याशी शिक्क्याला फारसे कर्तव्य उरले नाही. ‘तुमची माहिती आम्ही वाटेल त्याला विकतो’ असे प्रामाणिकपणे लिहिणाराही शिक्क्याला पात्र ठरू शकत होता. माझ्या मते या क्षेत्राचे नशीब याच बदलात ठरले. २०१४ चा ठपका हा त्याचा उशिरा आलेला परिणाम.

यावर एक आक्षेप ताबडतोब येतो आणि तो हलका नाही. शिक्क्यांनी काहीच केले नाही असे कसे म्हणता? १९९८ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने वेबसाइटची पाहणी केली, तेव्हा ९२ टक्के साइट लोकांची वैयक्तिक माहिती गोळा करत होत्या आणि त्याबद्दल काहीतरी सांगणाऱ्या साइट जेमतेम १४ टक्के होत्या. दोन वर्षांनी, २००० सालच्या पाहणीत, काही ना काही खुलासा करणाऱ्यांचे प्रमाण ८८ टक्क्यांवर गेले होते. प्रत्येक साइटच्या तळाशी ‘प्रायव्हसी पॉलिसी’ अशी बारीक अक्षरांतली ओळ असते ही आज आपल्याला नैसर्गिक वाटणारी गोष्ट याच काळात रुळली, आणि ती रुळवण्यात शिक्के देणाऱ्या संस्थांचा वाटा आहे. तो मान्य करायलाच हवा. पण त्याच पाहणीतले पुढचे आकडेही वाचायला हवेत. लोकांना सूचना देणे, निवड करू देणे, स्वतःची माहिती पाहू देणे आणि ती सुरक्षित ठेवणे, ही चारही तत्त्वे काही प्रमाणात तरी पाळणाऱ्या साइट फक्त २० टक्के होत्या. आणि ज्या शिक्क्यांच्या भरवशावर कायदा लांबवला जात होता, ते शिक्के सरसकट नमुन्यातल्या ८ टक्के साइटवरच होते. कागद वाढला होता, वागणूक त्या मानाने जागची हलली नव्हती. मे २००० मध्ये कमिशनने तीन विरुद्ध दोन मतांनी अमेरिकी काँग्रेसकडे कायदा मागितला. पुढच्या वर्षी नवे अध्यक्ष आले आणि मागणी बाजूला पडली. शिक्क्यांना आणखी एक डाव मिळाला.

शिक्क्याची हद्द किती, हा प्रश्न तोवर दोनदा चव्हाट्यावर आला होता. १९९९ मध्ये एका संगणक-सुरक्षा अभ्यासकाच्या लक्षात आले की रिअलनेटवर्क्स कंपनीचे रिअल ज्यूकबॉक्स हे गाणी ऐकण्याचे सॉफ्टवेअर, कोण काय ऐकतो याची माहिती प्रत्येक वापरकर्त्याच्या वेगळ्या ओळख-क्रमांकासह कंपनीकडे पाठवते. या कंपनीच्या वेबसाइटवर ट्रस्ट-ईचा शिक्का होता. ट्रस्ट-ईने काय करावे? आमचा शिक्का वेबसाइटपुरता आहे, सॉफ्टवेअर त्यात येत नाही, असे तिचे म्हणणे पडले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ९८ च्या नोंदणीतून संगणकाचा ओळख-क्रमांक परस्पर जात असल्याचे उघड झाले, तेव्हाही उत्तर साधारण हेच होते. त्यात मायक्रोसॉफ्ट ही ट्रस्ट-ईला पाठबळ देणाऱ्या कंपन्यांपैकी एक. तांत्रिकदृष्ट्या ट्रस्ट-ई चूक नव्हती. करारात जे होते तेच ती बोलत होती. पण शिक्का पाहून भरवसा ठेवणाऱ्या माणसाने कंपनीवर भरवसा ठेवलेला असतो, कंपनीच्या वेबसाइट नावाच्या एका तुकड्यावर नव्हे. हद्दीची ही ओळ करार करणारे दोघे मिळून आखतात आणि ज्याच्यासाठी शिक्का आहे तो तिसरा माणूस त्या बैठकीत नसतो.

न्यायाने सांगायचे तर एका प्रकरणात ट्रस्ट-ईने आपले काम चोख केले. टॉयस्मार्ट ही खेळणी विकणारी साइट २००० च्या मे महिन्यात बुडाली आणि तिने आपली मालमत्ता विकायला काढली. मालमत्तेत ग्राहकांची यादीही होती. नावे, पत्ते, खरेदीच्या सवयी, अगदी मुलांची नावे आणि जन्मतारखासुद्धा. ही माहिती तिसऱ्या कुणाला कधीच देणार नाही असा शब्द साइटने दिलेला होता आणि त्यावर शिक्काही होता. ट्रस्ट-ईने आवाज उठवला, प्रकरण फेडरल ट्रेड कमिशनकडे गेले, कमिशनने जुलैमध्ये दावा ठोकला. अखेर जानेवारी २००१ मध्ये टॉयस्मार्टची मुख्य भागधारक असलेल्या डिस्नेच्या एका उपकंपनीने ५० हजार डॉलर भरले आणि यादी नष्ट करण्यात आली. हे उदाहरण शिक्क्यांच्या बाजूने नेहमी दिले जाते. पण नीट पाहा: यादी वाचली ती शिक्क्याने की दाव्याने? बुडालेल्या कंपनीला शिक्का काढून घेण्याची धमकी देऊन काय उपयोग होता? शिक्क्याने शिट्टी वाजवली. पकडायला पोलीस असल्यामुळे त्या शिट्टीला अर्थ आला.

आता पैशाकडे येऊ. शिक्का कोण विकत घेतो? ज्याच्यावर लोकांचा आधीच विश्वास आहे त्याला त्याची निकड कमी. ज्याच्यावर शंका घेतली जाते, त्याला ती जास्त. आणि फी भरणारा हाच शिक्का देणाऱ्याचा ग्राहक, तेव्हा नकार देणे म्हणजे उत्पन्नावर पाणी सोडणे. हा तर्क आहे, आणि तर्क चुकू शकतो. म्हणून २००६ मध्ये हार्वर्डमधल्या बेन एडलमन या संशोधकाने केलेली मोजणी महत्त्वाची. साइट स्पायवेअर चिकटवतात का, ईमेल पत्ता दिल्यावर नको असलेल्या पत्रांचा मारा होतो का, अशा यांत्रिक चाचण्यांचे निकाल त्याने घेतले आणि ट्रस्ट-ईचा शिक्का असलेल्या साइटशी ताडून पाहिले. बिनशिक्क्याच्या साइटपैकी अविश्वासार्ह निघाल्या २.५ टक्के, शिक्का असलेल्यांपैकी ५.४ टक्के. म्हणजे शिक्का पाहून साइट निवडणारा माणूस शिक्का न पाहणाऱ्यापेक्षा दुप्पट धोक्यात होता. यावर असे म्हणता येते, आणि म्हटले गेलेही, की स्पॅम आणि स्पायवेअर म्हणजे खासगीपणा नव्हे, वेगळ्याच फुटपट्टीने मोजून शिक्क्याला नापास केले. आक्षेपात थोडे तथ्य आहे. तरी ज्या साइटला ईमेल पत्ता दिल्यावर रोज पन्नास जाहिराती येतात, तिने माझा खासगीपणा जपला असे म्हणायला फार मोठे मन लागेल. शिवाय त्याच मोजणीत बेटर बिझनेस ब्यूरोच्या शिक्क्याच्या साइट सरासरीपेक्षा किंचित बऱ्या निघाल्या. ब्यूरो अर्जदाराची आधी चौकशी करत असे, वेळ लावत असे आणि त्यामुळे तिचे शिक्के संख्येने खूपच कमी होते. म्हणजे दोष शिक्क्याच्या कल्पनेत नव्हता, तो सहज मिळण्यात होता. ब्यूरोचा खासगीपणाचा शिक्का पुढे बंद पडला आणि सहज मिळणारा टिकला, हेही त्या बाजारात साजेसेच झाले.

किती सहज, याचा कळस २०१० च्या कंट्रोलस्कॅन प्रकरणात दिसतो. या कंपनीच्या शिक्क्यांवर तारीख असे, आणि तारीख नेहमी आजची. ग्राहक सोमवारी आला तर सोमवारची, मंगळवारी आला तर मंगळवारची. पाहणाऱ्याला वाटणार, आज सकाळीच कुणीतरी येऊन तपासून गेले. फेडरल ट्रेड कमिशनच्या म्हणण्यानुसार रोज अशी कुठलीही तपासणी होत नव्हती. बऱ्याच शिक्क्यांमागे आठवड्यातून एकदा होणारी यांत्रिक चाळणी तेवढी होती आणि साइट माहिती कशी वापरते हे तर जवळपास पाहिलेच जात नव्हते. तारीख बदलणारा प्रोग्रॅम मात्र इमानदारीने रोज चालत होता.

इथे अनुभवी वाचक म्हणेल की यात नवल काय? कंपनीच्या हिशेबांचे ऑडिट करणाऱ्या सनदी लेखापालालाही कंपनीच पैसे देते, सोनार आपल्या दागिन्यावर हॉलमार्क करून घेतो त्याची फीही सोनारच भरतो. मग खासगीपणाच्या शिक्क्यालाच का धारेवर धरायचे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर शोधताना फरक स्पष्ट होतो. दागिन्यात सोने किती हे मोजता येते; २२ कॅरेटचा शिक्का असलेली बांगडी दुसऱ्या केंद्रावर नेऊन कुणीही पडताळू शकतो आणि खोटी निघाली तर मानक ब्यूरोचा कायदा आहे. माहितीच्या बाबतीत तपासायची ती वस्तू नसते, पुढची वागणूक असते. आज तपासलेल्या कंपनीने उद्या यादी विकली तर ग्राहकाला कळणारही नाही, कळले तरी ती यादी कुठून फुटली ते सिद्ध करता येणार नाही. म्हणजे पैसे देणाऱ्याकडूनच तपासणी हा दोष दोन्हीकडे आहे, पण एकीकडे तो पकडण्याचे साधन ग्राहकाच्या हाती आहे, दुसरीकडे नाही. लेखापालाची सनद जाऊ शकते. खासगीपणाचा शिक्का देणाऱ्याची सनद जायला ती कुणी दिलेलीच नव्हती.

ती कुणीतरी द्यायला हवी हे जर्मनीच्या उत्तर टोकावरच्या श्लेस्विग-होल्श्टाइन या छोट्या राज्याने आधी ओळखले. तिथे कील शहरातल्या सरकारी माहिती-संरक्षण कार्यालयाने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच स्वतःचे गुणचिन्ह सुरू केले. पद्धत अशी: कंपनी मान्यताप्राप्त तज्ज्ञाला पैसे देऊन तपासणी करून घेणार, पण तज्ज्ञाचा अहवाल कार्यालय स्वतः वाचणार आणि चिन्ह कार्यालयच देणार. पैसे घेणारा एक आणि शब्द देणारा दुसरा. याच कार्यालयाच्या पुढाकाराने युरोपीय पैशावर युरोप्राइझ ही योजना निघाली. २००८ मध्ये तिचे पहिले चिन्ह इक्सक्विक या सर्च इंजिनला मिळाले. चिन्हाची मुदत दोन वर्षे, त्यानंतर पुन्हा परीक्षा. शिक्के थोडे निघाले, व्यवहार संथ चालला, आणि व्यापारी दृष्टीने पाहिले तर ही योजना अमेरिकेतल्या भावंडांपुढे किरकोळच. पण तिची शिकवण पुढे युरोपच्या जीडीपीआर या मोठ्या कायद्यात उतरली. त्याच्या ४२ आणि ४३ व्या कलमांत प्रमाणपत्रांना जागा आहे, मात्र अटी कडक. प्रमाणपत्र जास्तीत जास्त तीन वर्षांचे. ते मिळाल्याने कंपनीची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही, असे स्पष्ट लिहिलेले. प्रमाणपत्र देणारी संस्था मान्यताप्राप्तच हवी. आणि तिने आपली कर्तव्ये मोडली तर तिलाही १ कोटी युरोपर्यंत किंवा जागतिक उलाढालीच्या दोन टक्क्यांपर्यंत दंड. पंचवीस वर्षांच्या या इतिहासात शिक्का देणाऱ्याच्या खिशाला कायद्याने प्रथमच ठोस झळ लागू शकते ती इथे. परिणाम? कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला आणि त्याखालची पहिली प्रमाणपत्र-योजना मंजूर व्हायला लक्झेंबर्गमध्ये २०२२ चा मे उजाडला. संपूर्ण युरोपसाठीचे पहिले चिन्ह, युरोप्रायव्हसी, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. टीकाकार या दिरंगाईकडे बोट दाखवतात. मला ती दिरंगाई जमेची बाजू वाटते. झटपट वाटलेल्या शिक्क्यांचे काय होते ते आपण पाहिलेच.

जपानचे उदाहरण या वादाला थोडी वेगळी कलाटणी देते. तिथे प्रायव्हसी मार्क १९९८ मध्ये, म्हणजे देशाचा माहिती-संरक्षण कायदा होण्याच्याही आधी, सुरू झाला आणि तो चक्क रुजला. आज हजारो जपानी कंपन्यांच्या व्हिजिटिंग कार्डांवर तो असतो. सरकारी टेंडरमध्ये तो अनेकदा मागितला जातो, त्यामुळे त्याला पैशाचे मोल आहे. २०१४ मध्ये बेनेसे या शैक्षणिक कंपनीच्या ग्राहकांची, बहुतांशी मुलांची आणि पालकांची, सुमारे साडेतीन कोटी नोंदींची माहिती कंत्राटी अभियंत्याने फोनवर उतरवून विकली. बेनेसेकडे प्रायव्हसी मार्क होता. तो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द झाला. शिक्का चोरी थांबवू शकला नाही हे खरे. पण बेनेसेने शिक्का गमावणे ही बातमी झाली आणि कंपनीला ते झोंबले. अमेरिकेतल्या शिक्क्यांच्या इतिहासात असा क्षण शोधावा लागतो.

आपल्याकडे हा विषय पुण्याच्या वाटेने आला. २००५ च्या एप्रिलमध्ये पुण्यातल्या एका कॉल सेंटरच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांनी अमेरिकी बँकेच्या ग्राहकांचा विश्वास संपादन करून त्यांचे पिन काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवल्याचे उघडकीस आले. परदेशी ग्राहकांनी विचारायला सुरुवात केली, तुमच्याकडे आमची माहिती सुरक्षित कशावरून? उद्योगाचे उत्तर तेच जुने होते: आम्ही आमची शिस्त लावू. आयटी उद्योगांची संघटना असलेल्या नॅसकॉमने २००८ मध्ये डेटा सिक्युरिटी कौन्सिल उभी केली. केंद्र सरकारच्या एप्रिल २०११ च्या नियमांनी आयएसओ २७००१ या माहिती-सुरक्षेच्या प्रमाणपत्राला जवळजवळ कायद्याचे पाठबळ दिले: हे मानक पाळा, वर्षातून एकदा सरकारमान्य ऑडिटरकडून तपासून घ्या, म्हणजे तुम्ही ‘वाजवी सुरक्षा’ पाळली असे धरले जाईल. हिंजवडी किंवा पवईच्या कुठल्याही मोठ्या ऑफिसच्या रिसेप्शनला या प्रमाणपत्राची चौकट दिसते. ती पाहताना कंपनीच्या नावाखालची ‘स्कोप’ची ओळ वाचावी. कधी तिथे सगळी कंपनी असते, कधी एका इमारतीतले एक डेटा सेंटर. रिअल ज्यूकबॉक्सच्या वेळचा वाद त्या एका ओळीत अजून जिवंत आहे. शिवाय हे मानक माहिती कुलुपात आहे का ते पाहते. ती मुळात गोळा करायलाच हवी होती का, हे विचारणे त्याचे काम नव्हे.

न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण, मुंबई उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात राहिलेले आणि मुंबईच्या दंगलींवरच्या अहवालामुळे मराठी वाचकाला चांगले ठाऊक असलेले, यांच्या समितीने २०१८ मध्ये माहिती-संरक्षण कायद्याचा जो मसुदा दिला त्यात एक नवी कल्पना होती: ऑडिटरने कंपनीला ‘डेटा ट्रस्ट स्कोअर’ द्यायचा, म्हणजे पास-नापास याऐवजी गुण. १९९७ च्या त्या तीन चिन्हांची ही दूरची आठवण म्हणता येईल, कारण गुण कमी पडले तर कंपनीला ते लपवायला त्रास झाला असता. २०१९ च्या विधेयकात ती तरतूद टिकली. विधेयकच २०२२ मध्ये मागे घेतले गेले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये झालेल्या कायद्यातून स्कोअर गळाला. उरले ते दहावे कलम: सरकार ज्यांना ‘महत्त्वाचे’ ठरवेल त्या मोठ्या कंपन्यांनी स्वतंत्र डेटा ऑडिटर नेमायचा. नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनुसार हे ऑडिट बारा महिन्यांतून एकदा. नेमणार कंपनी, फी देणार कंपनी. या कलमाचा भंग केल्यास कंपनीला १५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. ऑडिटरने डोळेझाक केली तर त्याला काय, याची वेगळी ओळ दंडाच्या तक्त्यात नाही.